मापाचं रक्त

शालन, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायचं की तोंड फिरवायचं ते तुला ठरवता येईल. तू घातलेली शपथ मी मोडली. परवा दुपारी, आपल्या लॅबमध्ये, तुझ्याच स्टुलावर तुझ्याच पोरीला बसवून मोडली. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. शिव्या द्यायच्या तर दे. जिवंतपणी देत होतीस तेवढ्या तरी दे.

आपली लॅब म्हणजे होती तरी काय? भोरच्या पेठेतली दहा बाय दहाची खोली, एक मायक्रोस्कोप, एक फिरकी मशीन आणि आपण दोघं. तू कामथडीहून यायचीस, कापूरव्होळला एसटी बदलून. पहिलं वर्षभर मला ‘युनूसभाई, तुमी’ म्हणालीस. मग एक दिवस माझ्या हातून रंगाची बाटली सांडली, तुझ्या नव्या साडीवर. “आरं बाबा, डोळं कुठं गहाण टाकलंस तू!” असं तोंडातून निघालं आणि तिथून पुढं ते ‘तू’च राहिलं. मला बरं वाटलं होतं. बोललो नव्हतो, आता बोलतो.

टोचायचं काम तुझं, बघायचं काम माझं. पोरं तुझ्याकडं रडत नसत. तू त्यांना म्हशीचं नाव विचारायचीस, ती सांगेपर्यंत थेंब काचेवर आलेला असायचा. तो थेंब दुसऱ्या काचेनं एका झटक्यात पातळ ओढायचा, वाळवायचा, वर रंग ओतायचा, मग मी दुर्बिणीला डोळा लावायचो. तुझ्यासारखी काच भोर तालुक्यात कुणी ओढत नव्हतं, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही. डोक्यावर बसली असतीस.

रंगाची नवी बाटली आली की आधी ती कुणाच्या तरी चांगल्या रक्तावर पारखून घ्यायची, ही आपली रीत. पहिल्यांदा माझं बोट टोचलं. काच बघितली तर प्लेटलेटचे नुसते गठ्ठे. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बारक्या कण्या, तांदळाच्या कण्यांसारख्या, जखम बुजवायला धावणाऱ्या. बोटातून रक्त बाहेर आलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि मोजणाऱ्याचं डोकं उठवतात. मी वैतागलो. तू म्हणालीस, “माझं घे. माझं रगात लई छान उतरतं.” घेतलं. या अल्लाह, काय काच होती ती! एकेक कणी सुटी, जणू कुणी हातानं वेचून मांडली. मी तुला हाक मारून दाखवली. “बघ शालन, ह्याला म्हणतात काच!”

तिथून पुढं सहा वर्षं प्रत्येक नवी बाटली तुझ्या बोटावर पारखली. मी त्याला नाव दिलं, मापाचं रक्त. येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांना तुझी काच दाखवायचो. त्यातली एक लाकडी पेटीत पहिल्या खाचेत ठेवली, वर चिठ्ठी लावली: नॉर्मल. बाकी साऱ्या जगाच्या काचा तिच्याशी ताडून बघायचो. ज्यांच्या कण्या चिकटलेल्या दिसत, त्यांना म्हणायचो, बोट नीट दाबलं नाही, काच बिघडली.

आणि सकाळी टोचलेल्या बोटावरचा कापूस तू दुपारच्या चहापर्यंत सोडत नव्हतीस. मी चेष्टा करायचो, “शालन, सोड की तो कापूस, प्रेमात पडलीस का त्याच्या?” तू म्हणायचीस, “असूं दे रं, सवय हाय.” सहा वर्षं मी हे बघितलं. लोकांच्या रक्तातले दोष शोधणारा माणूस मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तुझी दाढ निघाली. म्हणजे काढायची ठरली. दाताच्या डॉक्टरनं दोन तपासण्या मागितल्या. एक कण्यांची मोजणी. ती मी नीट केली, दोन लाख साठ हजार, एकदम खणखणीत. दुसरी, रक्त थांबायला लागणारा वेळ. त्यात विशेष काही नाही. टोचायचं, दर अर्ध्या मिनिटानं टीपकागद टेकवायचा. ठिपके लहान लहान होत जातात, तीन-चार मिनिटांत कागद कोरा राहतो. संध्याकाळ होत आली होती, तुझी एसटी सुटायची होती. मी म्हणालो, “आपल्या घरच्या माणसाचं काय तपासायचं?” आणि लिहून टाकलं: तीन मिनिटं.

तू दारात उभी होतीस. पदर सारखा केलास. काही बोलली नाहीस. ते तुझं न बोलणं मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. आता दुसरं काही दिसत नाही.

दाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी मी स्कूटरवर कामथडीला आलो तेव्हा तू ओट्यावर तपेली घेऊन बसली होतीस. तुझी सासू, म्हणजे तुझी मामीच ती, तुरटी लावत होती. “उष्णता हाय वं अंगात, ल्हानपणापासनं हाय. हिच्या आईनं दुर्वांचा रस घालून घालून जगिवलीय हिला.” तपेलीत बघितलं, ती रक्तानं अर्धी भरलेली. तू तोंडातलं थुंकून मला म्हणालीस, “तीन मिंटं झाली न्हाईत का रं अजून?” आणि हसलीस. दात लाल. ते हसू मला विसरता येत नाही.

पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांनी आपल्याला समोर बसवलं. आजाराचं नाव कुणा परदेशी माणसाचं, तुला ते उच्चारता आलं नाही आणि मला अजून नीट लिहिता येत नाही. पण बाईंनी समजावलं मात्र फार चांगलं. म्हणाल्या, ब्लाऊजला टिचबटण असतं ना, तसं प्रत्येक प्लेटलेटच्या पाठीवर एक प्रथिन असतं. एरवी ते मिटलेलं असतं, म्हणून रक्त वाहतं राहतं. जखम झाली की आत इशारा जातो, प्लेटलेट जागी होते, फुगते, आणि ते बटण उघडतं. मग रक्तातला धागा त्यात टचकन बसतो, एकीचा दुसरीला, दुसरीचा तिसरीला. त्याचाच गठ्ठा होतो आणि भोक बुजतं. “ह्यांच्या प्लेटलेट मोजायला भरपूर आहेत,” बाई म्हणाल्या, “पाठीवर बटणच नाही.”

ज्या गठ्ठ्यांना मी सहा वर्षं शिव्या घातल्या, ती तब्येत होती. आणि जी काच मी मिरवली, तो आजार होता. सगळ्या भोर-वेल्ह्याचं रक्त मी एका आजाराशी ताडून बघत होतो.

बाईंनी मला विचारलं, “तुम्ही लॅबवाले ना? बोटाच्या रक्ताची ह्यांची काच कधी पाहिली नव्हती का?” मी म्हणालो, “नाही.” तू माझ्याकडं बघितलंस. फक्त बघितलंस. शालन, त्या वेळी मला कानफटात मारली असतीस तर आज तुला लिहितोय तो हा कागद एवढा जड झाला नसता.

पुढचं त्यांनी सांगितलं ते आणखी वाईट. दुसऱ्याच्या प्लेटलेट पिशवीतून देता येतात, पण जपून. कारण रक्तात पहारेकरी पेशी असतात. त्यांच्याही पाठीवर प्रथिनं असतात, त्यांनीच त्या आल्यागेल्याला चाचपतात, घरचा की परका. तुझ्या पहारेकऱ्यांनी ते बटण जन्मात बघितलेलं नाही. बाहेरून आलेल्या प्लेटलेटवर ते दिसलं की चोर समजून त्याच्याविरुद्ध हत्यार घडवतील. मग पुढच्या वेळी पिशवी लावली तरी ती आत मारली जाईल. औषध आहे, पण ते किती वेळा चालेल ते कुणी सांगू शकत नाही.

कात्रजच्या बोगद्यात एसटी शिरली तेव्हा तू म्हणालीस, “म्हंजी नव्या सुनंवानीच की. घरात न्हाई ती चांगली वस्तू घिऊन आली, की समदी तिच्यावरच तुटून पडत्यात.” मी हसलो. बोगदा संपला तेव्हा तू हसत नव्हतीस.

बाईंनी शेवटी विचारलं होतं, आईवडील नात्यातले का? होते. तुझ्या वडलांनी मामाचीच मुलगी केलेली. नवरा? तोही मामाचाच मुलगा. मूल? एकच, सुवर्णा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तिची तपासणी करून घ्या. लवकर.” नसरापूर फाटा आला तशी तू माझं मनगट धरलंस. “सुवर्णाच्या गळ्याची आन हाय तुला. हे आपल्या दोघांत. तिचं लगीन व्हईस्तवर कुणाला बोलायचं न्हाई, तिला पन न्हाई.” मी हो म्हणालो. तीन मिनिटं लिहिणाऱ्या माणसाला नाही म्हणायचा हक्क कुठं होता?

पण भांडायचा होता. तीन वर्षं भांडलो. तू टोचायचीस आणि भांडायचीस, मी दुर्बिणीत डोळा घालून भांडायचो, पेशंटांना वाटायचं हे दोघं आता एकमेकांच्या जिवावर उठणार. मी म्हणायचो, पोरीला घेऊन ये, पाच मिनिटांचं काम. तू म्हणायचीस, “मला कागद मिळाला. त्या कागदानं एक थेंब तरी थांबला का?” मी म्हणायचो, कळलं तर जपता येतं. ॲस्पिरीन घ्यायची नाही, दात काढायचा तर आधी सांगायचं, बाळंतपण साध्या दवाखान्यात करायचं नाही. तू म्हणायचीस, “आणि कळलं तर लगीन कोन करंल?” सुवर्णाचा शाळेत घोळणा फुटला, दप्तर भरलं, त्या दिवशी तू कामावर येऊन एवढंच म्हणालीस, “माझ्यावर गेलीय.” आणि जीभ चावलीस.

आपलं शेवटचं भांडण तर तू अर्ध्यावर सोडून गेलीस. पासलीच्या तुझ्या भावाच्या पोराला सुवर्णा द्यायची असं तू ठरवलंस. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, “अगं, तेच बी, तेच वावर! तुझ्या भावाच्या रक्तात ते असणारच. पोरीला असेल तर तिच्या पोरांना होईल. पाच पिढ्या मामाच्या घरी मुली देऊन झालंय ते हे.” तू कंबरेवर हात ठेवलेस. “आणि तुमच्यात चुलत चालतं, तवा न्हाई सुचलं कुनाला?” मी म्हणालो, आमच्यातही चूकच आहे. तेव्हा तू आवाज खाली आणलास. म्हणालीस, “युनूस, परक्याच्या घरात पोरीचं रगात थांबलं न्हाई तर तिला चार दिवसांत माघारी धाडतील. रोगी गळ्यात मारली म्हनतील. मामा हाकलनार न्हाई.”

तू पिशवी उचललीस, म्हणालीस, “लग्नाची यादी करून येते पासलीला जाऊन. मंग काय भांडायचं ते भांड.”

पासलीत तुझा पाय घसरला. भावाच्या मागच्या दाराची पायरी, शेवाळलेली. डोक्याला मागं नुसतं टेंगूळ आलं. रक्त नाही, खोक नाही. तू पायरीलाच शिव्या दिल्यास, चहा घेतलास, याद्या झाल्या, साखर वाटली. दुपारी डोकं दुखतंय म्हणून आडवी झालीस. मग उलटी झाली. मग हाका मारल्या तर डोळे उघडेनात. पासलीत मोबाईलला रेंज नाही. तुझा भाचा मोटरसायकलवर वेल्ह्याला जीप आणायला पळाला. जीप आली, तुला घातलं, वेल्हं मागं पडलं, तोवर तू कण्हत होतीस म्हणतात. नसरापूर यायच्या आत तेही थांबलं.

सगळे म्हणाले, पायरीवरून पडायचं निमित्त. म्हातारे म्हणाले, तोरण्याखाली चांगली-चांगली माणसं अशीच जातात. मी कामथडीत ओट्याच्या कडेला उभा होतो आणि मला तुझ्या डोक्याच्या आत काय झालं ते दिसत होतं. एक केसाएवढी नस फुटलेली. कण्या धावून आलेल्या, दोन लाख साठ हजार, सगळ्या सुट्या. एकीचाही हात दुसरीला लागत नाही. मी ती काच इतकी वर्षं पाहिली होती, मला कल्पना करावी लागली नाही.

तेराव्याला तुझ्या मालकांनी आणि पासलीकरांनी बोलणं उरकून घेतलं. आईमागं पोरीचं लग्न वर्षाच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. वर्षसुद्धा कशाला, घरातल्या घरातच तर आहे, पुढच्या महिन्यातच उरकू. तुझा भाऊ माझ्या पानात आग्रहानं वाढत होता. “घ्या युनूसभाई, आक्काला तुमचा लई आधार हुता.” सुवर्णा भांडी उचलत होती. तिच्या दंडावर निळा डाग होता, पंजाएवढा. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, शालन. तुझी शपथ माझ्या जिभेवर बसली होती.

परवा ती एकटीच आली. दोन एसट्या बदलून, घरी सांगितलं दाखला आणायला जाते. तुझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काका, समदी म्हनत्यात पायरीवरनं पडली म्हनून गेली. पायरीवरनं तर समदीच पडत्यात. म्या सुदिक धा येळा पडलीय तिथनं.” मी काचा पुसत राहिलो. ती म्हणाली, “मला दर म्हैन्याला आठ-आठ दिस उठवत न्हाई. आई लपवून लोखंडाच्या गोळ्या द्यायची. मला काय हाय ते सांगा, न्हाईतर म्या पुन्याला जाऊन विचारते.”

मी सुई घेतली. पहिलं टोचणं लागलं नाही, दुसऱ्यांदा टोचलं. घड्याळ मांडलं, टीपकागद टेकवला. पहिला ठिपका. अर्धं मिनिट. दुसरा. ती ठिपके मोठ्यानं मोजायला लागली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या ठिपक्याला मी कागदाकडं बघायचं टाळलं. विसाव्याला तिचा आवाज बसला. तिसावा ठिपका, पंधरा मिनिटं झालेली, आणि तो पहिल्याएवढाच होता. मी घड्याळ बंद केलं आणि तिचं बोट गच्च दाबून धरलं.

तिनं विचारलं, “आईला म्हाईत हुतं?”

मी म्हणालो, “नव्हतं.” तुला वाचवायला म्हणालो. मेलेल्या माणसाला वाचवायचं असतं का? पण म्हणालो.

सुवर्णानं मोकळ्या हातानं कानातलं फूल ओढलं. ते नुसतं बाहेर आलं. दाबाचं होतं. मग दुसरं ओढलं. केस मागं सारून तिनं मला दोन्ही कान दाखवले. एकोणीस वर्षांची पोर, कानाची पाळी कोरी. छिद्र नाही. नाकातही नाही. “बाराव्या दिशी सोनार आला हुता तर आईनं त्याला दारातनं माघारी घालिवला. आजी अजून सांगती. पुढं बी कवा टोचू दिलं न्हाई. म्हनायची, माझी पोर अशीच देखनी हाय. तिला म्हाईत हुतं, काका.”

मी खाली बसलो. म्हणजे पुण्याच्या बाईंच्या आधी, दाढेच्या आधी, आपली लॅब उघडण्याच्याही आधी तुला माहीत होतं. नाव माहीत नसेल, बटण माहीत नसेल, पण पोरीला टोचायचं नाही एवढं माहीत होतं. आणि तरी स्वतःचं बोट माझ्यापुढं करत राहिलीस. मी तीन मिनिटं लिहिली तेव्हा दारात गप्प उभी राहिलीस. कागदावर खरं आलं की पोरीपर्यंत पोचणार, म्हणूनच ना? का तुला वाटत होतं, हा एवढा शहाणा माणूस, एक दिवस आपणहून ओळखेल आणि मला सांगावं लागणार नाही? ह्यातलं कुठलं खरं ते विचारायला मी आता कुठं जाऊ?

मग मी तिला सगळं सांगितलं. तुझं, आणि माझं तुझ्याआधी. मापाचं रक्त सांगितलं, खोटी तीन मिनिटं सांगितली, बाईंपुढं म्हणालेलं ‘नाही’ सांगितलं. ती रागावली नाही. तुझ्यासारखीच मान वाकडी करून ऐकत होती. शपथेचं सांगितलं, तू म्हणालेलं ते शेवटचंही सांगितलं, की परका हाकलून देईल, मामा हाकलणार नाही.

ती म्हणाली, “मामा हाकलनार न्हाई, तर मंग मामाला सांगायला भ्यायची कशाला?”

शालन, तीन वर्षं मी तुझ्याशी भांडलो आणि हे एक वाक्य मला सुचलं नाही. तुझ्या पोरीला एका दुपारीत सुचलं. तेव्हा ती रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मीही रडलो. बाहेर एक पेशंट थांबला होता, तो आत डोकावून निघून गेला.

उद्या आम्ही पासलीला जातोय. तिनं तिच्या बापाला सांगितलंय, मामाकडं जाऊन येते, संगं युनूसकाका हायेत. तो टीपकागद मी वाळवून पाकिटात घातलाय. तुझा भाऊ ऐकेल का, ठाऊक नाही. कदाचित म्हणेल आमच्या रक्तात असलं काही नाही. कदाचित माझ्या अंगावर धावून येईल, म्हणेल घरात येऊन घर फोडलंस. लग्न मोडेल. गावात बोललं जाईल, दुसरं स्थळ येईल की नाही देव जाणे. ती म्हणाली, “मामाला म्या सांगनार. तुमी निस्तं शेजारी हुभं ऱ्हावा.” मी उभा राहीन.

मला भीती वाटते ती तुझ्या भावाची नाही. त्या घरात शिरल्यावर तिला तुझी आठवण येईल, तुझा जीव तिच्यापायी किती तुटत होता ते आठवेल, आणि तोंडापर्यंत आलेलं ती तुझ्यासारखीच गिळून टाकेल. जन्मभर तू तिला खूप सांभाळलंस. उद्या एक दिवस, शालन, तू मध्ये येऊ नकोस.